आईच्या हातात पेन कधी येणार?

दोस्तांनो, आपल्यात एक समज फार बोकाळलाय. लिहायचं ते तरण्या पोरांनी, रक्त गरम आहे तवर! चाळिशी उलटली की हार घ्यायचा अन् स्टेजवर खुर्ची धरायची. 1972 साली पँथर जन्मली, तेव्हा नामदेव ढसाळ पंचविशीच्याही आत होते. तेव्हापासून आपण वयालाच विद्रोहाचं सर्टिफिकेट समजून बसलोय.

मग शांताबाई कांबळेंना कुठं बसवणार?

जन्म 1923 चा, सोलापूर जिल्ह्यातल्या महूदचा. महारवाड्यातली पोर शिकली अन् 1942 साली मास्तरीण झाली. 1952 साली दोन वर्षांच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली. 1957 साली जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाली. 1981 साली रिटायर. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना अक्षर दिलं आणि मग साठीच्या उंबऱ्यावर स्वतःची वही उघडली. 'माज्या जल्माची चित्तरकथा' 1983 साली 'पूर्वा' मासिकातून आली, 1986 साली पुस्तक झालं. दलित बाईचं पहिलं आत्मकथन म्हणून ते ओळखलं जातं. त्यांचा मुलगा अरुण कांबळे पँथरचा बिनीचा शिलेदार, कवी. पोराचं नाव आधी गाजलं, आई मागून आली.

का मागून?

पांढरपेशे म्हणतील, रिटायर झाल्यावर बाईंना छान छंद लागला. छंद? भूक आणि शिवाशिव लिहिणं हा छंद असतो होय? दुसरे म्हणतील, अनुभव मुरला म्हणून लेखन पिकलं. हे अर्धं खरं. पण मुरण्याच्या नावाखाली किती जणी नुसत्याच कुजल्या, त्याचा हिशेब कोण देणार?

फलटणच्या बेबीताई कांबळे बघा. किराणा दुकान चालवलं, उपेक्षितांच्या पोरांसाठी आश्रमशाळा काढली. लिहीतही होत्या, पण ते कागद वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवले. 'जिणं आमुचं'चं पुस्तक 1986 साली आलं. म्हणजे लेखणीला उशीर झालाच नव्हता. उशीर झाला तो आपल्याच घरातल्या पुरुषांना अक्कल यायला!

चळवळ राबणाऱ्या बाईला टाळ्या देते, वही देत नाही. आधी सेवा, मग संसार, उरलंच तर आवाज. शांताबाई 2023 साली गेल्या. रिटायर झाल्यावर त्यांना चाळीस वर्षं मिळाली, पेन्शन होती. झाडू मारणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, बिल्डिंगवर पाट्या वाहणाऱ्या आपल्या आयांना ना पेन्शन, ना तेवढं आयुष्य. त्यांनी कधी लिहायचं? मेल्यावर?

म्हणून गड्यांनो, मीटिंगला चाललायस ना? आधी घरातली भांडी घास. आईला तासभर बसू दे. ती लिहीत असेल तर वही आणून दे. लिहिता येत नसेल तर ती बोलेल तसं तू उतरव. आणि खबरदार, तिची भाषा शुद्ध करशील तर! शांताबाईंनी 'माज्या जल्माची' असंच लिहिलं. 'माझ्या जन्माची' नाही. चाळीस वर्षं शिकवणाऱ्या मास्तरणीला शुद्धलेखन येत नव्हतं काय? येत होतं. पण जल्म तिचा होता.