पाळी गेल्यानंतरचे दुखणे आणि प्रोबायोटिक्स

रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन घटते, तसे योनिमार्गाच्या पेशींतील ग्लायकोजेन कमी होते. त्यावर पोसणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू विरळ होतात आणि एरवी ३.८ ते ४.५ असणारा सामू ५ च्या वर जातो. कोरडेपणा, आग, लघवीचा वारंवार संसर्ग, संबंधाच्या वेळी वेदना हे इस्ट्रोजेन घटण्याचे परिणाम. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या एखादीची ‘पिशवी’ (गर्भाशय) अंडाशयांसकट काढली गेली असेल, तर हे सारे तिला ऐन तिशीतही एकदम गाठते. त्यात फडावर ना पुरेसे पाणी, ना आडोसा.

जिवाणूंची ही तूट प्रोबायोटिक्सच्या गोळीने भरून काढावी, ही कल्पना तर्काला धरून आहे. पुरावा मात्र अजून तोकडा आहे. दही-ताक आहारात जरूर असावे, पण विरजणातले जिवाणू वेगळे आणि योनिमार्गात नांदणारा लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस वेगळा. ताक पिऊन कोरडेपणा जात नाही, आणि दही तिथे लावणे तर मुळीच नको. खात्रीचा उपाय म्हणजे योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेन मलम, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातल्याच, बहुतांशी निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. तिथेच आज हे दुखणे लाजेपोटी अंगावर काढले जाते. जिल्हा परिषदेने आशा सेविकांच्या प्रशिक्षणात हा विषय घ्यावा आणि मलम प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावे.