खाऱ्या वाऱ्याची वाट
उन्हाने जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. जमिनीवरील तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून खारे वारे येतात. मार्च ते मे या काळात पूर्वेचे वारे प्रबळ असले, की मुंबई-कोकणात खारे वारे उशिरा पोहोचतात आणि त्या दुपारी पारा चढतो. वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. म्हणून ज्येष्ठांनी तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. शुश्रूषा करणाऱ्यांनी वारा सुटेपर्यंत पडदे ओढून ठेवावेत, मग खिडक्या उघडाव्यात. ज्येष्ठांच्या बोलण्यात असंबद्धता वा ग्लानी आढळल्यास तो वयाचा दोष मानू नये. ओल्या कपड्याने अंग पुसत तत्काळ रुग्णालय गाठावे.