संमतीवांचून विकलेली एजन्सी

समजा, देगलूरच्या बाजारांत खतें-बियाण्यांच्या एका दुकानदारानें आपली एजन्सी, हल्लीं जिला फ्रँचायझी म्हणतात ती, रोख रक्कम घेऊन दुसऱ्या गृहस्थास दिली. पाटी तीच राहिली; कंपनीस मात्र कळविलें नाहीं. हा दोघांचा खाजगी व्यवहार आहे, असें मानणारे पुष्कळ आहेत. आमच्या मतें ही समजूत घातक आहे.

फळ्या, तराजू व शिल्लक माल विकतां येतो. पण माणसाची पत व वागणूक पाहून कंपनीनें दिलेला अधिकार तिच्या संमतीवांचून विकतां येत नाहीं. फ्रँचायझीकरितां आपल्या देशांत स्वतंत्र कायदा नाहीं. 1872 चा करार कायदाच लागू होतो. खरदह कंपनी विरुद्ध रेमन कंपनी या कच्च्या तागाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें 1962 सालीं स्पष्ट सांगितलें कीं, करारांतील हक्क एक वेळ दुसऱ्यास देतां येतील, परंतु जबाबदारी समोरच्या पक्षाच्या संमतीवांचून देतां येत नाहीं.

म्हणजे कंपनीची उधारी जुन्या मालकाच्याच डोक्यावर राहते, आणि पैसे मोजणाऱ्या नव्या मालकास कंपनीकडे माल मागण्याचा हक्क मिळत नाहीं. करारांत तसें कलम असल्यास कंपनी एजन्सी रद्द करते, नुकसानभरपाई मागते; व्यापारचिन्हाच्या वापरास न्यायालयाकडून मनाईहि आणते. शिवाय बियाण्याचा परवाना 1983 च्या नियंत्रण आदेशाखालीं घ्यावा लागतो, आणि खतास 1985 च्या आदेशाप्रमाणें ‘ओ’ नमुन्यांतील उगम प्रमाणपत्र लागतें. हे कागद जुन्याच्या नांवावर असतां नव्यानें विक्री केली, तर प्रकरण जीवनावश्यक वस्तूंच्या 1955 च्या कायद्यापर्यंत जातें.

आमची खरी काळजी शेतकऱ्याची आहे. 2020 सालीं मराठवाड्यांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. सदोष बियाण्याबद्दल शेतकऱ्यास ग्राहक न्यायालयांत जातां येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2012 सालींच दिला आहे. पण पावतीवर एकाचें नांव व गल्ल्यावर दुसरा असला, म्हणजे दोघेहि एकमेकांकडे बोट दाखवितात व कंपनी दोघांकडे! तेव्हां पैसे देण्यापूर्वीं पावतीवरील परवाना-क्रमांक भिंतीवरच्या परवान्याशीं ताडून पाहावा.

कंपन्यांसहि दोन शब्द ऐकविणें प्राप्त आहे. संमतीचा अर्ज महिनोन्महिने दाबून ठेवावयाचा आणि मग विक्रेत्यास दोष द्यावयाचा, हा न्याय नव्हे. अर्जास तीस दिवसांत लेखी उत्तर, नकार दिल्यास त्याचें कारण, आणि विक्रेता वारल्यास हंगाम संपेपर्यंत वारसास दुकान चालविण्याची मुभा, हीं कलमें विक्रेत्यांनीं सही करण्यापूर्वींच करारांत घालून घ्यावींत.