विजेचा उपचार : किती आशा धरावी?

गेल्या माघ महिन्यात आम्हांस काही कामानिमित्त ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. शिंद्यांच्या अमदानीपासून तेथे स्थायिक झालेली मराठी घराणी आजही पुष्कळ आहेत. लष्कर भागातील अशाच एका घरी, आमच्या जुन्या सहाध्यायांकडे, आम्ही उतरलो होतो. त्यांच्या वडिलांना सारे घर नाना म्हणते. दिवाळीच्या आधी नानांना अर्धांगवायूचा झटका येऊन डावे अंग लुळे पडले होते. हात थोडा हलू लागला होता. परंतु चालताना डावे पाऊल लोंबे व बोटे जमिनीस अडखळत.

घरात त्या वेळी एकच विषय चालू होता. कोणी विक्रेता येऊन सांगून गेला होता की, आपले विजेचे यंत्र विकत घेतल्यास नाना व्यायामावाचून महिन्याभरात चालू लागतील. किंमत फार मोठी होती. सूनबाईंनी आपल्या पाटल्या मोडण्याची तयारी केली होती. ‘आधी उपचार करणाऱ्या बाईंना विचारू’, असे ठरले व आम्हीही त्यांच्यासोबत गेलो.

आपल्या गावांतून ज्याला ‘करंट लावणे’ म्हणतात, तोच हा उपचार. बाईंनी नानांच्या गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगास दोन चिकट पट्ट्या लावल्या आणि कळ हळूहळू फिरविली. पाहता पाहता नानांचे पाऊल वर उचलले गेले. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. पण कळ बंद होताच पाऊल पुन्हा खाली पडले. नाना खिन्नपणे म्हणाले, “म्हणजे पाय माझा नव्हेच, यंत्राचा!”

बाई म्हणाल्या, “तसे नाही, दादाजी. यंत्र पायाला केवळ आठवण करून देते. आता पुन्हा लावते. पाय वर येऊ लागला की तुम्हीही तो मनापासून उचलायचा.”

या एका वाक्यात उपचाराचे सारे मर्म आहे. मेंदूची आज्ञा मज्जातंतूंतून सूक्ष्म विद्युत्‌संदेशाच्या रूपाने स्नायूकडे जाते. इटलीतील गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचा पाय विजेने आखडतो, हे १७९१ साली प्रसिद्ध केले. अर्धांगवायूत इजा मेंदूस होते. पायाचा तंतू व स्नायू बहुधा शाबूत असतात. म्हणूनच बाहेरून दिलेला हलका प्रवाह तंतूस जागवितो व पाऊल उचलले जाते. चालताना लोंबणारे पाऊल या रीतीने उचलण्याचा प्रयोग डॉ. लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ सालीच प्रसिद्ध केला होता. तथापि रुग्णाने स्वतः यत्न केल्यावाचून मेंदू ती चाल पुन्हा शिकत नाही.

वेदनेसाठी लावतात तो प्रवाह निराळा. त्याने स्नायू आखडत नाही, केवळ मुंग्या येतात. कोपर आपटले की आपण ते चोळतो व बरे वाटते. तसेच हे आहे. मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली असे मांडले की, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्शाचे संदेश दाटीने आले की वेदनेच्या संदेशांस ते काहीसे मिटते. मात्र हा आराम बहुधा तात्पुरता असतो आणि मूळ दुखणे त्याने जात नाही. जुनाट कंबरदुखीवर तर हा उपचार नेमाने करू नये, असेच जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचविले आहे. व्यायामास मात्र तिने अनुकूल मत दिले आहे.

काही जणांनी या उपचारापासून दूरच राहावे. ज्यांच्या हृदयास गती देणारे यंत्र बसविले आहे, त्यांनी तज्ज्ञ डॉक्टरांच्या संमतीवाचून तो घेऊ नये. गरोदर स्त्रीच्या पोटावर वा कमरेवर, कोणाच्याही गळ्याच्या पुढील भागावर, जखमेवर अथवा कर्करोगाच्या जागी पट्ट्या लावू नयेत. मधुमेहाने वा कुष्ठरोगाने त्वचा बधिर झाली असल्यास भाजलेलेही कळत नाही. आणि घरातील विजेच्या तारांशी असला प्रयोग कोणीही, कधीही करू नये. त्याने प्राण जातो.

नानांच्या यंत्राविषयी विचारताच बाई हसून म्हणाल्या, “पाटल्या राहू द्या, वहिनी. रोज सकाळ-संध्याकाळ कोणीतरी नानांजवळ बसून व्यायाम करवून घ्या. ते यंत्र दुकानात मिळत नाही.” आपल्या देशात या विद्येची पहिली शाळा १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाली. आज ठिकठिकाणी अशी शिकलेली माणसे आहेत. विक्रेत्याचे ऐकण्यापूर्वी त्यांना विचारावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

परतताना वाटेत लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षण संस्था लागली. १८५७ च्या संग्रामाच्या शताब्दीच्या वर्षी, १९५७ साली, ती स्थापन झाली. मैदानावर मुले-मुली धावत होती. नाना बराच वेळ पाहत राहिले व म्हणाले, “यांच्यासाठी दुसरे कोणी धावत नाही.”

आम्ही निघालो त्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी होती. नाना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून अंगणात उभे होते. पायाला ना पट्टी, ना तार. ओठ घट्ट मिटून त्यांनी पाऊल उचलले. ते जेमतेम बोटभर वर आले असेल. सूनबाई दारातून मोजीत होत्या, “चार… पाच…” आणि त्यांच्या हातांत पाटल्या होत्या.