माउंट कापू नका

केडगाव-नगरच्या स्टुडिओचालकांची यंदाची तक्रार एकच आहे. जुन्या घरगुती फोटोंच्या डिजिटल नोंदणीचं काम मिळालं, पण नमुन्यात ‘जात/जमात’ हा रकाना सक्तीचा; फोटोग्राफर, स्टुडिओ, माउंटची (फोटो ज्यावर चिकटवलेला असतो त्या पुठ्ठ्याची) मागची बाजू यांना जागाच नाही. रकाना रिकामा सोडला की फॉर्म परत! नमुना आखणाऱ्या साहेबांना ठाऊक नसेल, पण हा साचा ब्रिटिश काळातल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या छायाचित्रसंग्रहाचा आहे. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या त्या आठ खंडांत समोर बसलेला माणूस बहुधा जमातीचा नमुना म्हणूनच छापला गेला. मुंबईच्या विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने तर त्याआधीच, १८६३ आणि १८६६च्या आपल्या छायाचित्रांच्या दोन खंडांत, स्टुडिओत टिपलेली माणसं दुसरीकडच्या दृश्यांवर चिकटवली. त्याच मुंबईत डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीयही कॅमेऱ्यामागे होते. तेव्हा साहेबाने काढलेला तो ‘नमुना’ आणि आपल्या माणसाने काढलेलं ते ‘पोर्ट्रेट’, इतकी सोपी वाटणी होत नाही. खुर्ची तीच, रंगवलेला पडदा तोच. फोटो बसणाऱ्याने हौसेने काढवून घेतला की त्याला कुणी आणून बसवलं, याचा माग बरेचदा पुठ्ठ्याच्या पाठीवरच लागतो: स्टुडिओचा छाप, निगेटिव्हचा क्रमांक, शाईने लिहिलेलं नाव.

जातीची नोंद अभ्यासाला लागते, असं कुणी म्हणेल. लागते, पाठीवर घरच्यांनी लिहिली असेल तर जशीच्या तशी उतरवा. पगडीवरून आणि लुगड्यावरून अंदाजाने रकाना भरणं म्हणजे नोंद नव्हे. गिऱ्हाइकाला आजोबांचा चेहरा हवा, पुठ्ठा नको, हेही खरं. मग रिटचिंग प्रतीवर करा, मूळ कार्डाला कात्री कशाला? कॅबिनेट कार्ड चेहऱ्यापुरतं कापून, अल्ब्युमिनची झाक पुसून, मागे राजवाडा बसवून देणारे आपल्यातच कमी नाहीत. जॉन्सनने परक्यांचं केलं ते आपण घरच्यांचं करतो, आणि वर बिल लावतो.

सभासदांनो, त्या रकान्यात ‘माउंटवर नोंद नाही’ एवढंच लिहा, दोन्ही बाजूंचा ६०० डीपीआय स्कॅन जोडा आणि परत आलेल्या प्रत्येक फॉर्मची झेरॉक्स आमच्याकडे धाडा. एकट्याचा फॉर्म परत करणं सोपं असतं. सगळ्या तालुक्याचा गठ्ठा एकदम टेबलावर पडू द्या.