पहारा कोणावर?

इंग्रजांनी १८५८ साली पोर्ट ब्लेअर येथे कैद्यांची वसाहत वसविली, तेव्हा ग्रेट अंदमानी जमातीची संख्या काही हजार असावी. १८७७ साली तेथे गोवर आला, त्याच्या आगेमागे इतर रोग आले, आणि १९६१ च्या शिरगणतीत या जमातीची अवघी १९ माणसे उरली. हा इतिहास संपला असे कोणी समजू नये. १९९९ साली तोच गोवर जारवांत शिरला. २००६ साली पुन्हा शिरला. २०२० साली ग्रेट अंदमानींत करोनाचे रोगी आढळले. चाचण्या झाल्या म्हणूनच ते उघडकीस आले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु आजारी वनवासी शोधून काढणे म्हणजे पहारा नव्हे. साथीचे गणित आता शास्त्राला अवगत आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांस रोग देतो. २०११ च्या शिरगणतीत जारवा ३८० भरले. एवढ्या लहान जमातीत असा रोग दीड-दोन महिन्यांत घरोघर पोहोचेल. मग अन्न कोणी आणावे व मुलांना पाणी कोणी पाजावे? शिवाय अंगावर पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस रोगी रोग पसरवीतच असतो. तेव्हा नाक्यावर ताप पाहून भागणार नाही.

म्हणून पहारा हवा तो आमच्यावर, बाहेरून जाणाऱ्यांवर. जारवांच्या राखीव वनातून जाणारा हमरस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. तरीही पर्यटकांचे तांडे पुढे वर्षानुवर्षे चालूच राहिले. ग्रेट निकोबारात तर २०२२ साली मंजूर झालेल्या प्रकल्पाने लाखो माणसांची वस्ती अपेक्षिली आहे. तेथील शोंपेन २०११ साली होते २२९!

आमचे सरकारास स्पष्ट सांगणे आहे. वनाजवळच्या प्रत्येक मजुराची, चालकाची व शिपायाची लस टोचल्याची नोंद ठेवा. भोवतालच्या गावांतील तापाची रोज नोंद घ्या, आणि गोवराचा पहिला रोगी दिसताच वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता रस्ता बंद करा. शोंपेनांना साथीचा धोका किती, याचा हिशेब संसदेपुढे मांडा; तोवर त्यांच्या वनात कुदळ पडता कामा नये.

अंदमानच्या सहलीस जाणाऱ्या मराठी बांधवांनाही आमची विनंती आहे. जारवा पाहण्याचा मोह आवरा. ज्यांनी आपणांस कधी बोलाविले नाही, त्यांच्या दारी रोग घेऊन जाणे हे कोणत्याही धर्मात बसत नाही.