प्रबंधातला नकारही मोलाचा

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला पीएच.डी.साठी गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय माणूस बुद्धीने श्रेष्ठ आणि ते श्रेष्ठत्व कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकात दिसते, अशी तिथली धारणा. ती तपासायचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी वेगवेगळ्या प्रदेशांतल्या कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिले, की या फरकाचा वंशाशी संबंध आढळत नाही. हेच फिशर 1933 मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि नाझींच्या वंशवादाला त्यांनी विज्ञानाचा मुलामा दिला. ज्यांच्या हाती पदवी, त्यांच्याच मताविरुद्ध एक परदेशी विद्यार्थिनी आपल्या मोजमापांशी ठाम राहिली.

खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांना ते जमू दिले गेले नाही. तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले असतात, हे त्यांच्या 1925 च्या प्रबंधातले गणित सांगत होते. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी ते अशक्य ठरवले. पेन यांना स्वतःचाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच उत्तरापाशी पोहोचले.

आपल्याकडे पीएच.डी.च्या दर्जाची चर्चा पाने आणि शोधनिबंध मोजण्यातच अडकते. पण जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचा केंब्रिजचा 1939 चा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती केली, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. 2018 मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी यूजीसीच्या यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली हजारभर नियतकालिके तपासली, तर त्यांतली 88 टक्के कमअस्सल निघाली. 2022 च्या नियमावलीने ती सक्ती काढली, हे योग्यच झाले. पण 'काहीतरी सापडलेच पाहिजे' हा दबाव कायम आहे.

वैद्यकात तो सर्वांत घातक. एमडी, एमएसच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. आपल्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांची एवढी गर्दी असते, की त्यातून उपचारांबद्दल खूप काही शिकता येईल. अमुक औषधाने फरक पडत नाही, तमुक तपासणी निरुपयोगी आहे, हे कळणेही रुग्णाचे पैसे आणि कधी जीव वाचवते. असा निष्कर्ष विभागाच्या कपाटात पडून राहिला, की दुसऱ्या जिल्ह्यातला विद्यार्थी तेच पुन्हा तपासत बसतो आणि रुग्ण ते औषध विकत घेत राहतात.

नाही म्हणायला बळ लागते, आणि ते पोटापासून सुरू होते. केंद्राची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 2023 पासून महिना 37 हजार रुपये झाली. त्याच वर्षी राज्य सरकारच्या बार्टी या संस्थेच्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानात धरणे धरावे लागले. ज्याचे खोलीभाडे थकले आहे, त्याने 'सर, आकडे वेगळे सांगतायत' असे म्हणण्याची हिंमत कुठून आणायची?

विद्यापीठांनी नियमावलीत स्पष्ट लिहावे, की पद्धत निर्दोष असेल तर गृहीतक खोटे ठरले तरी पदवी मिळेल. आरोग्य विद्यापीठाने एमडी, एमएसचे असे प्रबंध सर्वांना वाचायला खुले करावेत. आणि राज्य सरकारने अधिछात्रवृत्ती पगारासारखी दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात जमा करावी.